पट्टा ग्रामसभेच्या नावाने आहे

प्रिय साथी,

तुझ्या गावाला सामूहिक वनहक्काचा पट्टा, म्हणजे हक्कपत्र, मिळाला आणि व्यवस्थापन समितीचं सचिवपद तुझ्याकडे आलं. समितीची नियमावली आधी लिहू, बँकेत खातं आधी उघडू की तेंदूची, म्हणजे विडीच्या पानांची, निविदा आधी काढू, असं तू विचारलंस. या तिन्हींच्या आधी एक गोष्ट गावातल्या म्हाताऱ्यांपासून अठरा वर्षांच्या पोरापोरींपर्यंत सगळ्यांना पक्की कळायला हवी. पट्टा ग्रामसभेच्या नावाने आहे. तो समितीच्या नावाने नाही, सरपंचाच्या नाही आणि गट ग्रामपंचायतीच्याही नाही. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(१)(झ) ने जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क गावाला दिला, आणि कलम ५ ने तो बजावण्याचे अधिकार ग्रामसभेला दिले. समिती ग्रामसभेने सांगितलेलं काम करते, एवढंच. हे रुजलं नाही तर दोन-तीन वर्षांत गावातच एक छोटं सरकार तयार होतं. अध्यक्ष, सचिव आणि चार हुशार माणसं एका बाजूला, बाकीचं गाव पुन्हा अर्जदार.

आधी गावात किती समित्या आहेत ते मोज. एक असेल वनहक्क समिती. तिच्यात १० ते १५ सदस्य असतात आणि दावे घेणं, जागेवर जाऊन तपासणं, ग्रामसभेपुढे ठेवणं एवढंच तिचं काम असतं. दुसरी वनहक्क नियमांतल्या ४(१)(ङ) खालची व्यवस्थापन समिती, म्हणजे तुमची. तिसरी बहुतेक गावांत आधीपासून असते, ती संयुक्त वन व्यवस्थापनाची; तिचा सचिव वनखात्याचा कर्मचारी असतो. तिन्हींत तीच ती माणसं असतात, खाती वेगवेगळी असतात, आणि कोणता पैसा कुठे जमा झाला हे वर्षभरानंतर कोणालाच सांगता येत नाही. ग्रामसभेने एका ठरावात स्पष्ट लिहावं की पट्ट्यातल्या जंगलाबाबत व्यवस्थापनाचं काम फक्त ४(१)(ङ) समिती करेल, आणि त्या जंगलातून येणारा प्रत्येक रुपया ग्रामसभेच्या एकाच खात्यात जमा होईल. ठरावाची प्रत बँकेला, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला आणि उपविभागीय अधिकाऱ्याला दे आणि तिन्हींची पोच घे.

आता सभा. गट ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतलं जे कमी असेल तेवढं पुरतं, आणि तेवढेही जमले नाहीत तर तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. ती सवय या सभेत आणू नकोस. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वनहक्काच्या ग्रामसभेला गावातल्या एकूण प्रौढांपैकी निम्मे हजर लागतात, आणि हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश बाया लागतात. समज, गावात २६० प्रौढ आहेत. मग १३० माणसं हवीत आणि त्यांत किमान ४४ बाया. हे मोजमाप सभा सुरू होताना एकदा आणि ठराव घेताना पुन्हा कर. सकाळी अकराला १४० असतात, दीड वाजता सत्तर उरतात, आणि महत्त्वाचा ठराव नेमका पावणेदोनला होतो. असा ठराव पुढे कोणी आव्हान दिलं तर टिकणार नाही. त्याहून मोठी अडचण ही की निघून गेलेली सत्तर माणसं तो स्वतःचा मानणार नाहीत.

म्हणून वेळ बायांना विचारून ठरव. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जातात, तेव्हा सकाळची सभा व्यर्थ. रोवणीच्या दिवसांत मोठा विषय घेऊच नये. महिन्याची एक तारीख कायमची ठरवावी, दवंडी तीन दिवस आधी द्यावी, आणि विषय एका सभेला तीनपेक्षा जास्त ठेवू नयेत. बाया येतात पण मागे भिंतीला टेकून बसतात आणि बोलत नाहीत, ही तक्रार तुला सगळीकडे ऐकू येईल. त्यावर भाषण देऊन काही होत नाही. आदल्या दिवशी त्यांची वेगळी बैठक होऊ दे, तिथे झालेली चर्चा त्यांच्यातल्या दोघी सभेत मांडतील असं ठरव, आणि पुरुषांच्या आधी त्यांना बोलू दे. हा क्रम महत्त्वाचा आहे. पाटील आणि गायता, हे गावचे मानकरी, बोलून गेले की मग त्यांच्यापुढे वेगळं बोलणं कठीण जातं. चर्चा गोंडीतच चालू दे. इतिवृत्त मराठीत लिहावं लागतं, म्हणून सह्यांआधी ते गोंडीत मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि कोणी 'असं ठरलं नव्हतं' म्हणालं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं.

निर्णय कसा घ्यायचा, इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे. नियम साध्या बहुमताची मुभा देतात. तरीही गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीची वाट धरली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळ्यांना ठाऊक असते, पण त्यामागची पद्धत फार थोड्यांनी उचलली. कारण व्यावहारिक आहे. सहाशे-सातशे हेक्टर जंगलाला कुंपण नसतं आणि तुमच्याकडे पगारी चौकीदार नसतो. सभेत ८० विरुद्ध ५० मतांनी चराईबंदी झाली, तर त्या पन्नासांची जनावरं रात्री त्याच कंपार्टमेंटमध्ये, म्हणजे जंगलाच्या त्याच तुकड्यात, चरतील. हरलेल्या माणसाकडे कुऱ्हाड असते आणि त्याला अडवायला कोणी नसतं. सर्वसहमतीने निर्णय व्हायला तीन महिने लागतात, पण अंमलबजावणीला वेगळी माणसं लागत नाहीत. बहुमताचा निर्णय एका दुपारी होतो आणि पुढची तीन वर्षं भांडणात जातात.

सर्वसहमती म्हणजे सगळ्यांना निर्णय आवडलाच पाहिजे असं नाही. 'मी असं केलं नसतं, पण गाव करत असेल तर मी मोडणार नाही' हेही पुरेसं आहे. अडतो तो आक्षेप, ज्यात कोणाचं तरी खरं नुकसान आहे. एखादी बाई म्हणाली की या पट्ट्यात गुरं बंद केलीत तर माझ्या चार शेळ्या जायच्या कुठे, तर हा प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिला दुसरी जागा द्या, बंदी अर्ध्या भागात करा, किंवा एक पावसाळा करून पाहू आणि दिवाळीनंतर पुन्हा बसू असं ठरवा. शेवटचा मार्ग फार उपयोगी आहे, कारण 'कायमचं' या शब्दाला घाबरणारी माणसं एका हंगामाला सहज तयार होतात. फक्त पुन्हा बसायची तारीख त्याच ठरावात लिही आणि ती पाळ.

एका सभेत विषय मांडायचा आणि त्याच सभेत ठराव करायचा, असं करू नकोस. पहिल्या सभेत फक्त मांडणी. मग मेंढा गावाने सुरू केला तसा अभ्यासगट. संध्याकाळी ज्यांना यायचं त्यांनी यावं, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावं, नकाशा, कायदा, हिशेब पुढे ठेवून बोलावं. अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नाही, हा नियम कडक पाळ. तो मोडला की अभ्यासगटाची समिती होते आणि न आलेल्यांना वाटतं की आपल्या मागे सगळं ठरलं. निर्णय दुसऱ्या किंवा तिसऱ्या सभेत.

यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे गप्प बसणं. 'कोणाची हरकत?' असं विचारून दोन सेकंद थांबलं आणि 'मंजूर' म्हटलं, तर ती सहमती नसते. मोठ्या विषयावर घरागणिक विचार. ८० घरं असतील तर तासभर जातो, तो जाऊ दे. दुसरी म्हणजे एकाच माणसाची आडकाठी. कधी तो खरोखर अडचणीत असतो, कधी त्याच्यामागे ठेकेदार असतो. अशा वेळी 'तुझं नुकसान काय, आणि काय केलं तर ते भरून येईल' एवढंच सगळ्यांसमोर विचारायचं. ज्याच्याकडे उत्तर असतं तो ते देतो. ज्याच्याकडे नसतं, त्याला गावच समजावतं. तुला बोलावं लागत नाही. त्यानंतरही अडलं तर विषय एकदा पुढे ढकला. तीन सभांनंतरही सुटला नाही तर काय, हे मात्र वाद नसताना आधीच ठरवून ठेवा: उपस्थितांपैकी तीन चतुर्थांश, किंवा तुम्हाला पटेल ते. वाद पेटल्यावर हा आकडा ठरवता येत नाही.

आणि काही गोष्टी थांबू शकत नाहीत. वणवा लागला, निविदेची शेवटची तारीख उद्या आली, कोणाला रात्री दवाखान्यात न्यायचं आहे. त्यासाठी समितीला मर्यादित अधिकार द्या. उदाहरणार्थ ५,००० रुपयांपर्यंत खर्च समितीने करावा आणि पुढच्याच सभेत पावतीसह सांगावा. त्यावरचा खर्च ग्रामसभेशिवाय नाही.

समितीबद्दल थोडक्यात. सगळे सदस्य एकदम बदलू नका, दर वर्षी एक तृतीयांश बदला, म्हणजे काम येणारी माणसं शिल्लक राहतात आणि खुर्ची कोणाची होत नाही. सरपंच, पोलीस पाटील आणि तेंदूचा मुंशी (ठेकेदारासाठी पानं मोजून घेणारा) यांना पदाधिकारी करू नका. सदस्य म्हणून सभेत ते आहेतच. खात्यावर तीन सह्या नोंदवा, पैसे काढायला त्यांतल्या दोन लागतील आणि त्यांत एक बाईची असेलच, असं बँकेला ठरावाने कळवा. कोऱ्या धनादेशावर आगाऊ सही करून ठेवायची पद्धत खेड्यांत फार आहे. ती पहिल्याच दिवशी बंद कर.

खरी परीक्षा तेंदूच्या हंगामात होते, कारण बहुतेक गावांत वर्षाचा सगळ्यात मोठा पैसा त्या पंधरा-वीस दिवसांत येतो. आपल्याकडे ७० पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, संध्याकाळी काय चालतं ते पाहा. बाई डोक्यावरून गठ्ठा उतरवते, पुडे शंभराच्या ओळीत मांडते, मुंशी चालत जातो, दोन-तीन पुडे उचलून पानं मोजतो, आणि 'खराबी' म्हणून शेकड्यामागे पाच पुडे जास्तीचे मांडायला लावतो. कोणी काही बोलत नाही, कारण उजेड जात असतो आणि घरी पोरं वाट पाहत असतात. २०० गोणींच्या फळीवर या पाच पुड्यांचे दहा हजार पुडे होतात, म्हणजे दहा गोण्या. गोणीचा भाव आठ हजार धरला तर ऐंशी हजार रुपये फळीवरच गेले. म्हणून फळीवर मुंशीसोबत ग्रामसभेची दोन माणसं रोज असावीत. पुडे आणणाऱ्याचं कार्ड, फळीची वही आणि मुंशीची वही या तिन्हींतला आकडा त्याच संध्याकाळी जुळवायचा आणि तिथेच सही करायची. दुसऱ्या दिवशी जुळवू म्हटलं की जुळत नाही.

मजुरी आणि रॉयल्टी कधीही एकत्र करू नका. मजुरी तोडणाऱ्याची, ती आठवड्याच्या आत त्याच्या हातात किंवा खात्यात. रॉयल्टी, म्हणजे ठेकेदार पानांसाठी देतो ती रक्कम, ग्रामसभेची. तिचं काय करायचं, किती घरांना वाटायचं आणि किती जंगलाच्या कामाला ठेवायचं, हे हंगामाच्या आधी ठरवा. पैसा खात्यात दिसल्यावर सगळ्यांचं गणित बदलतं.

ठेकेदार निवडताना सगळ्यात जास्त भाव देणाराच चांगला, असं समजू नकोस. गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभांचे पैसे भाव चढवून बोली लावणाऱ्यांकडेच अडकले. करारात हप्ते लिहा: एक तृतीयांश करार करताना, एक तृतीयांश तोडाई सुरू होण्याआधी, उरलेलं बोदभराई, म्हणजे पानं पोत्यांत भरणं, झाल्यावर आणि माल हलण्याआधी. यासाठी तुमच्या हातात एक मोठं साधन आहे, ते म्हणजे वाहतूक परवान्याचं पुस्तक. २०१२ च्या नियमांनी तो परवाना देण्याचं काम तुमच्या समितीकडे किंवा ग्रामसभेने नेमलेल्या माणसाकडे दिलं आहे. त्याआधी, एप्रिल २०११ मध्ये, मेंढ्याच्या ग्रामसभेला आपल्याच बांबूसाठी टीपी (वाहतूक परवाना) पुस्तक मिळावं म्हणून केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात यावे लागले होते. इतक्या झगड्याने आलेलं पुस्तक ठेकेदाराच्या दिवाणजीकडे 'सोयीसाठी' ठेवलेलं आढळतं, तेव्हा फार वाईट वाटतं. ते कुलपात ठेव, किल्ली एकाकडे आणि शिक्का दुसऱ्याकडे. हप्ता खात्यात दिसल्याशिवाय एकही पान फाडायचं नाही. 'ट्रक उभा आहे, भाडं चढतंय, संध्याकाळी पैसे टाकतो' असा निरोप येईल. ट्रक उभा राहू दे.

ग्रामसभेच्या नावाने पॅन कार्डही हंगामाच्या आधी काढा. व्यवहारात कापला गेलेला कर परत मागायला ते लागतं.

एकट्या गावाची ठेकेदारापुढे ताकद कमी पडते. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी यासाठीच महाग्रामसभा उभी केली, आणि गावागावांतून बाया आणि पुरुष सारख्या संख्येने तिथे जातात. तुमच्या आसपासच्या आठ-दहा गावांनी निविदा एकत्र काढली तरी खूप फरक पडेल. पण प्रतिनिधींनी तिथे निर्णय घेऊन यायचा नाही. गावाचा निर्णय घेऊन जायचं, तिथलं घेऊन परत ग्रामसभेत यायचं. वेळ लागतो. पर्याय नाही.

तेंदू तोडायचाच, असंही नाही. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरचा पट्टा मिळाला, आणि त्या ग्रामसभेने तेंदूचं उत्पन्न सोडून दिलं, कारण पानांसाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लावल्या जातात. बांबूवर त्यांनी भर दिला. तुमच्या गावाने तसंच करावं असं मी म्हणत नाही. मात्र हा प्रश्न एकदा सभेत विचारला गेलाच पाहिजे: आपल्या जंगलातली आग कोण लावतं आणि कशासाठी?

जंगलाचे नियम थोडेच करा, गोटुलच्या (गावाच्या सामायिक घराच्या) भिंतीवर मोठ्या अक्षरांत मावतील एवढे. बांबूच्या रांजीतले (बेटातले) या वर्षीचे कोंब तोडायचे नाहीत, पावसाळ्यात तोड बंद, रांजी एका बाजूने सफाचट करायची नाही, फळझाड तोडून फळ काढायचं नाही. राखणीला घरागणिक पाळी लावा आणि पाळी चुकवणाऱ्याने दुसऱ्या दिवशी भरून द्यावी. दंड पहिल्यांदा नाममात्र ठेवा, दुसऱ्यांदा वाढवा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामूहिक संसाधनांच्या अशाच अभ्यासासाठी, आणि टिकलेल्या व्यवस्थांमध्ये हा चढता दंड त्यांना ठिकठिकाणी आढळला. कारण सरळ आहे: पहिल्याच चुकीला पाच हजार दंड लावला तर शेजारी तक्रारच करत नाही. आणि कितीही राग आला तरी कोणाला वाळीत टाकायचं नाही. २०१६ च्या कायद्याने महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते चूकच होतं.

शेजारच्या गावाचा निस्तार, म्हणजे सरपण-चराईसारखा रोजचा वापर, तुमच्या पट्ट्यात असेल. तिकडची माणसं पिढ्यानपिढ्या तुमच्या नाल्याकाठी सरपण नेत आली असतील. हद्दीचे दगड रंगवण्याआधी दोन्ही ग्रामसभांची एकत्र बैठक घ्या आणि कोण, किती, कोणत्या महिन्यात, हे लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.

आता तुझं स्वतःचं काम, म्हणजे नोंदवही. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' लिहिलेलं असतं, आणि त्यातल्या कितीतरी सह्या नंतर घरोघर फिरून घेतलेल्या असतात. असं एकदा केलंस की तुझ्या वहीला किंमत उरत नाही. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय ग्रामसभांवर सोपवला, बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही जणींनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. त्या ठरावांना वजन आलं, कारण सभा उघड्यावर, सगळ्यांसमोर झाल्या होत्या. तुमच्या जंगलाखाली काय आहे हे आज माहीत नसेल. उद्या कोणी वळतीकरणाचा, म्हणजे जंगलजमीन दुसऱ्या कामाला देण्याचा, प्रस्ताव घेऊन आलं तर तुमच्याकडे फक्त ही वही असेल. पानांना छापील क्रमांक असलेली वही घे. ठराव संपला की खाली आडवी रेघ ओढ, त्याखाली लगेच सह्या आणि अंगठे, मध्ये रिकामी ओळ नको. आक्षेप घेणाऱ्याचे शब्द त्याने म्हटले तसे लिही, मग त्यावर काय तोड निघाली ते लिही. वही गावातच राहिली पाहिजे. तालुक्याच्या कार्यालयात 'पाहायला' मागितली तर प्रत दे, मूळ देऊ नकोस.

पहिल्या दोन सभांच्या इतिवृत्तांच्या प्रती मला पाठव, आणि पट्ट्याच्या नकाशाचीही. नकाशावरचे कंपार्टमेंट नंबर आणि पट्ट्यात लिहिलेले नंबर जुळतात का, ते पाठवण्याआधी तूच एकदा ताडून बघ. ते बऱ्याचदा जुळत नाहीत, आणि जुळत नसतील तर दुरुस्तीचा अर्ज जिल्हास्तरीय समितीकडे तेंदूची निविदा निघायच्या आधी जायला हवा.

जय सेवा.